दाणे कसले ठेवताय, जाळी लावा

मागच्या अंकात करवंदीबद्दल जाता जाता चारच ओळी लिहिल्या होत्या, की दारात एक जाळी, म्हणजे करवंदीचं दाट काटेरी झुडूप, असली तर बुलबुल आपणहून येतो, त्याला बोलवायला लागत नाही. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळी गुलाबावरचा मावा आणि कुंडीतली मिरची सगळं बाजूला ठेवलंय, सदर अख्खं करवंदीला. ज्यांची मिरची राहिली त्यांनी रागावू नका, ताक शिंपडून बघा तोवर.

ताई, मी दोन वर्षं गच्चीवर ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी ठेवतोय. कबुतरं सोडली तर कोणी फिरकत नाही. बंगल्यामागं दहा बाय पंधरा फुटांचा मुरमाड तुकडा मोकळाय. एकच झुडूप लावायचं तर कुठलं लावू? — शाहूपुरी, सातारा

दादा, तुम्ही खानावळ काढलीय आणि राहायला खोलीच दिली नाही, मग गिऱ्हाईक टिकणार कसं. दाणे खाणारे पक्षी मुळात थोडे. बुलबुल, शिंपी, शिंजीर, वटवट्या ही मंडळी ज्वारीकडं बघतसुद्धा नाहीत, त्यांना किडे पाहिजेत, मध पाहिजे, फळं पाहिजेत आणि सगळ्यात आधी लपायला जागा पाहिजे. उघड्या गच्चीवर शिक्रा वरून बघतोय आणि कठड्यावर शेजारचं मांजर बसलंय, तिथं एवढासा शिंपी कशाला येईल. कबुतराला कशाचं काही वाटत नाही म्हणून ते येतं. तेव्हा दाणे बंद करा, निदान कमी करा, आणि त्या तुकड्यात करवंद लावा. एकच विचारलंत म्हणून एकच सांगते.

करवंदच का, तर ते आपल्या डोंगराचंच आहे. यवतेश्वरच्या घाटातनं कासला जाताना दोन्ही बाजूला बघा, मुरमात, दगडाच्या सांदीत, जिथं दुसरं काही तग धरत नाही तिथं जाळ्याच्या जाळ्या उभ्या असतात. दरवर्षी उन्हाळ्यात कोणीतरी डोंगराला वणवा लावतं, सगळं काळं होतं, आणि पहिला वळीव पडला की त्याच जळक्या बुडातनं तांबूस कोवळी पानं बाहेर येतात. अशा झाडाला तुमचा मुरूम म्हणजे सासरहून माहेरी आल्यासारखं आहे. खत नको, औषध नको, पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी दिलं की पुढं ते तुम्हाला विचारणार नाही.

आणि काटे. करवंदीचा काटा साधा नसतो, बरेचदा टोकाला दुभंगलेला असतो, फांदी फांदीत गुंतून आतमध्ये अशी पोकळी तयार होते की बुलबुल सुर्रकन आत जातो पण मांजराला पंजा घालता येत नाही. फेब्रुवारी-मार्चात पांढरी चांदणीसारखी फुलं, वास जुईच्या जवळपास, तेव्हा सातेरी माशा सकाळपासून घोंघावत असतात. मग एप्रिल-मेमध्ये फळं. म्हणजे बाकी सगळं वाळून गेलेलं असतं तेव्हा या झाडावर मेजवानी. बुलबुल, कोकिळा, साळुंकी, खार सगळे येतात. तुमच्या वाटणीला खालची उरतील, तेवढ्यावर समाधान माना.

आमच्याकडं गोडोलीला अंगणाच्या कोपऱ्यात जाळी आहे, तिसऱ्या पावसाळ्यानंतर चौथ्या वर्षी पहिलं घरटं झालं. वाटीएवढं, जमिनीपासून माझ्या छातीइतक्या उंचीवर. नंतर पिल्लं उडून गेल्यावर मी ते काढून बघितलं, तर बाहेरनं काड्या कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेल्या, मध्ये सिमेंटच्या गोणीचे पांढरे दोरे, आणि आत अस्तराला आमच्याच झाडूचे बारीक तुकडे, जे मी महिनाभर शोधत होते की झाडू एवढा झडतोय कशानं. अंडी गुलाबीसर, त्यावर तांबडे-तपकिरी शिंतोडे, तीन होती, उडाली दोन. अंड्यापासून उडेपर्यंत सगळा संसार महिन्याच्या आतबाहेर आटोपतो, एवढे दिवस तिकडं कपडे वाळत घातले नाहीत की झालं.

पाणी मात्र ठेवत राहा, पण गच्चीवर नको. कुंडीखालची मातीची ताटली घ्या, पाणी बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नको, जाळीपासून चार-पाच फुटांवर ठेवा. अगदी खेटून ठेवली तर मांजर जाळीआड दबा धरून बसतं, फार लांब ठेवली तर पक्ष्याला धोका वाटला की पळून जाळी गाठता येत नाही. एक दिवसाआड काथ्यानं घासायची नाहीतर डास होतात आणि मग घरातले तुमच्या पक्षीप्रेमाच्या नावानं बोटं मोडतात.

कास रोडवर द्रोणातनं करवंदं घेतली होती मे महिन्यात. बिया वाळवून डबीत ठेवल्या आणि दिवाळीनंतर पेरल्या. चाळीस बियांतनं एक उगवलं नाही. बिया उकडलेल्या होत्या का काय? — सदर बझार, सातारा

उकडलेल्या नव्हत्या हो, तुम्ही डबीत ठेवल्या तिथंच त्यांचं मरण झालं. करवंदाचं बी म्हणजे गहू-हरभरा नव्हे, ठेवून ठेवून पेरायला. ते वाळलं की त्याचा जीव लवकर जातो. मेच्या शेवटाला किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण काळं, मऊ झालेलं फळ घ्यायचं, गर खायचा, बी थुंकायचं (यापेक्षा सोपी बीजप्रक्रिया कुठल्या झाडाला नाही), चिकट राहिलं असेल तर राखेत चोळून धुवायचं, दोन दिवस सावलीत ठेवलं तर ठेवायचं आणि लगेच पेरायचं. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखंच, पिशवी लांबट घ्या, कारण मूळ सरळ खाली जातं. बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकंच खाली. तीन-चार आठवड्यांत दोन पानं दिसतात.

मग पहिलं वर्षभर काहीच होत नाही असं वाटतं. वीतभर रोप, तेवढंच दिसतं आणि माणूस कंटाळून पाणी घालायचं बंद करतो. ते खाली मूळ पाडत असतं. पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावा. ज्यांना एवढी वाट बघवत नाही त्यांनी पावसाळ्यात ओळखीच्या कोणाच्या जाळीवर गुटी बांधावी, पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, प्लॅस्टिक बांधायचं. साल काढताना पांढरा चीक येतो, कपड्याला लागला तर डाग पडतो, डोळ्याला तर अजिबात लावू नका.

आणि एक विनवणी. कासच्या बाजूनं रोपं उपटून आणू नका. तो भाग २०१२ पासून जागतिक वारशात आहे, वनखात्याची जमीन आहे, गुन्हा तर आहेच, पण उपटताना मूळ तुटतं आणि ते रोप जगतही नाही. म्हणजे डोंगरावरचं गेलं आणि घरात आलं नाही.

विश्रामबागला आमची काळी माती आहे, प्लॉट नदीपासून लांब आहे तरी पावसाळ्यात पाणी साचतं. करवंदीची तीन रोपं लावली, तिन्ही ऑगस्टात पिवळी पडून गेली. 'चिवट झाड' म्हणता मग असं का? — सांगली

चिवट आहे पण बदक नाही ना वहिनी. तुम्ही प्रश्नाबरोबर उपटलेल्या रोपाचा फोटो पाठवलात तो बरं केलंत, त्यात जमिनीलगतचा भाग काळा-तपकिरी होऊन साल सुटलेली दिसतेय. हात लावला असता तर बोटाला चिकट लागली असती आणि गटारीसारखा वास आला असता. हे बुड कुजणं. करवंद तहान सोसतं, पाय ओले सोसत नाही. डोंगरउतारावर वाढायची सवय, तिथं कितीही कोसळला तरी पाणी खाली निघून जातं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तिथं करवंदीच्या जाळ्या ऐन भरात असतात, तुमच्या सांगलीला त्याच्या पासंगालाही पुरत नाही एवढा पाऊस, आणि तिथं रोप बुडून मेलं! म्हणजे दोष पावसाचा नाहीच, काळी माती पाणी धरून ठेवते त्याचा आहे.

उपाय साधा आहे. खड्डा खणूच नका. उलट जमिनीच्या वर दोन फूट उंच, चार फूट रुंद असा उंचवटा करा, निम्मा मुरूम, निम्मी माती, दोन-चार घमेली विटांचे तुकडे तळाला. घराचं काम चाललंय म्हणालात, मग रोडा फुकटचा आहेच. रोप त्या उंचवट्याच्या माथ्यावर लावा आणि आळं बुडाशी न करता हातभर लांब करा. आणि तुमच्याकडं ठिबक सगळ्या बागेला एकच असतं, द्राक्षाच्या सवयीनं माणसं रोज सोडतात, करवंदीच्या तोंडाची नळी पावसाळ्यात बंद.

एवढं करूनही जागा दलदलीचीच राहत असेल तर करवंदीचा हट्ट सोडा, निरगुडी लावा. ती ओढ्याकाठची, तिला ओल चालते. जूनमध्ये हातभर फांदी तोडून खोचली तरी लागते, जनावर तोंड लावत नाही, निळ्या तुऱ्यांवर माशा-भुंगे दिवसभर. घरटी करवंदीइतकी होत नाहीत हे खरं.

नर्सरीतनं 'करवंद' म्हणून आणलं, फळं आली ती गुलाबी-पांढरी आणि आंबट ढाण. फसवलं का? — तासगाव

फसवलं नाही, तुम्ही विचारलं नाही. ते लोणच्याचं करवंद, भावंडच आहे, फळ मोठं, पिकलं तरी आंबटपणा सोडत नाही. केकवर लाल 'चेरी' म्हणून जी लावतात ना, ती बरेचदा हीच असतात, पाकात मुरवून रंगवलेली. पक्ष्यांना घरटं करायला झाड तेवढंच चांगलं, काटे आहेत, दाटपणा आहे. राहू द्या. लोणचं घाला, मोहरी फेसून घाला मात्र, नुसतं तिखट-मीठ लावून मजा येत नाही. शेजारी एक डोंगरी करवंद लावा म्हणजे तक्रार मिटली.

सासूबाई म्हणतात काटेरी झाड दारात नको, घरात भांडणं होतात, आणि दाट झुडूप म्हणजे सापाला आमंत्रण. मला लावायचंय. काय करू? — कराड

पहिल्या भागाचं उत्तर मी देणार नाही, मला तुमच्या घरात भांडण लावायचं नाही. एवढंच विचारा की गुलाब चालतो का. चालत असेल तर काट्याचा मुद्दा आपोआप संपतो. आणि पुढच्या दारात नकोच म्हणते मी पण, लहान मुलं असतात, दुधाच्या पिशव्या, कपडे अडकतात. मागच्या कोपऱ्यात लावा, जाण्यायेण्याच्या वाटेपासून चार फूट सोडून. सासूबाईंचंही राहतं आणि तुमचंही.

सापाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका, सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत. साप झुडपासाठी येत नाही, उंदरासाठी येतो आणि झुडपात थांबतो. उंदीर कशानं येतो, तर सांडलेल्या दाण्यानं, कोंबडीच्या खाद्यानं, उघड्या कचऱ्यानं, रचून ठेवलेल्या विटा आणि लाकडांच्या ढिगानं. मी मघाशी शाहूपुरीच्या दादांना दाणे बंद करा म्हटलं त्याचं हे दुसरं कारण, तिथं लिहायचं राहिलं. आमच्या गल्लीत एका घरी पक्ष्यांसाठी रोज मूठ मूठ तांदूळ टाकायचे, वर्षभरात घुशींनी पायरी पोखरली आणि मागनं धामण आली, आणि बोल लावले कुणाला, तर शेजारच्या तगरीला! तगर तोडली. धामण दुसऱ्या दिवशी परत तिथंच.

तर जाळीचं बूड जमिनीपासून फूटभर मोकळं ठेवा, खालच्या फांद्या छाटा, म्हणजे आरपार दिसतं आणि वरचा दाटपणा पक्ष्यांना राहतो. पाचोळा थोडा असू दे, सातभाई येऊन तोच उलथापालथा करत किडे खातात, बघायला फार मजा येते, सगळे मिळून भांडल्यासारखे बोलत असतात. पण ढीग नको, आणि पेटवायचा तर अजिबात नाही. रात्री तिकडं जाताना बॅटरी आणि पायात चप्पल नव्हे बूट. हात थेट पाचोळ्यात घालायचा नाही, घोणस त्याच रंगाची असते. आणि देव न करो पण कोणाला चावलाच तर दोरी बांधणं, चिरणं, मांत्रिक असलं काही करत बसू नका, हलू न देता सरळ सरकारी दवाखाना, तिथं लस असते.

सासूबाईंना पहिल्या वर्षी करवंदाचं सरबत करून द्या. बघा काय होतं.

माण तालुक्यात एक एकराचा बांध आहे, तारेचं कुंपण परवडत नाही. करवंद लावलं तर रोपं किती लागतील, आणि शेळ्या काय ठेवतील का? पक्षी आले तर ज्वारी खातील ती वेगळीच. — म्हसवड

हिशोब असा. एक एकर चौकोनी धरला तर एक बाजू साधारण २०९ फूट, चारी बाजू मिळून ८३५. तीन फुटांवर एक म्हटलं तर २७८ रोपं, त्यात फाटकाची जागा वजा आणि मरतुकीची भर, तीनशे धरून चाला. शेळी-रानडुकराला खरोखर अडवायचं असेल तर एका ओळीनं भागत नाही, दोन ओळी नागमोडी पाहिजेत, म्हणजे सहाशे. एवढी विकत घेऊ नका, बी पेरून तयार करा, वर लिहिलंय तसं, खर्च पिशव्यांचा आणि शेणखताचा.

पण तुमच्याकडचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, तोही नेमका पाहिजे तेव्हा नाही. सहाशे रोपांना दोन उन्हाळे पाणी घालणं एकट्या माणसाचं काम नव्हे. मी तुमच्या जागी असते तर एका वर्षी एकच बाजू केली असती, वाऱ्याच्या तोंडची. आणि सगळं करवंदच लावलं नसतं. अध्येमध्ये बोर, हेंकळ आणि भरपूर तरवड. तरवड तुमच्या माळाचाच, घटाच्या माळेला जी पिवळी फुलं आणता तोच, जनावर त्याला सहसा खात नाही, बी टाकलं की येतो, आणि त्याच्या पानांवर पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. तो दोन वर्षांत कमरेएवढा होतो, त्याच्या आडोशाला करवंद निवांत वाढतं. शेळ्या करवंदीचे कोवळे शेंडे खातात, काटे कडक होईपर्यंत, म्हणून पहिली दोन वर्षं बाभळीच्या फांद्यांचं आडवं कुंपण रोपांच्या बाहेरनं टाकावंच लागेल, त्याला शॉर्टकट नाही.

आता ज्वारीचं. हो, खातील. कणसात दाणा भरला की मुनिया आणि चिमण्या उतरतात, जाळी नसली तरी उतरतात. पण बांधावर जाळी असली की वटवट्या, कोतवाल, बुलबुल हेही असतात आणि पिल्लांच्या चोचीत घालायला त्यांना दिवसभर अळ्या लागतात. फळं खाणारा बुलबुलसुद्धा पिल्लाला आधी किडेच भरवतो. राखण करायची ते पंधरा दिवस करावीच लागते, आमच्या आजोबांनी पण गोफण घेऊन माळा गाठलाच होता, त्याला इलाज नाही.

घाणेरीवर इतकी फुलपाखरं येतात, पक्षी फळं खातात, आणि तुम्ही नेहमी ती काढायला सांगता. का? — वाई

येतात, खोटं कशाला बोलू. पण घाणेरी इथली नाही, अमेरिकेतनं शोभेसाठी आणलेली. फुलपाखरू तिचा मध पितं आणि अंडी घालायला दुसरीकडं जातं, तिच्या पानावर आपल्याकडच्या फारशा अळ्या जगत नाहीत. पक्षी फळ खाऊन बी डोंगरभर टाकतात, आणि जिथं ती माजते तिथं करवंद, धायटी, मुरुडशेंग, गवत सगळं दाबून टाकते. तुमच्या पसरणीच्या घाटाकडं बघा. मात्र एका दिवसात सगळी साफ करू नका, त्यात घरटी असतात. दरवर्षी पावसाच्या तोंडाला चौथा हिस्सा मुळासकट काढायचा आणि त्याच खड्ड्यात करवंद किंवा धायटी. धायटीची लाल फुलं उन्हाळ्याच्या सुरवातीला येतात, शिंजीर तिथनं हलत नाही.

करवंदीशेजारच्या लिंबावर पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या अळ्या आहेत, काही हिरव्या जाड झाल्यात. हात लावला की डोक्यातनं केशरी शिंगं काढतात, घाण वास येतो. कुठलं औषध मारू? — मिरज

कुठलंच नाही. लिंबाच्या फुलपाखराची अळी ती. लहानपणी विष्ठेचं सोंग, मोठेपणी पानाचं, आणि कोणी छेडलं तर वासाची शिंगं, एवढी नाटकं करते बिचारी. झाड मोठं असेल तर दहा-वीस अळ्यांनी काही होत नाही, रोप लहान असेल तर उचलून कढीपत्त्यावर ठेवा, तेही चालतं तिला. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, २०१५ साली जाहीर झालं, तेही लिंबाच्याच गोतातल्या झाडांवर वाढतं. औषध मारलंत तर अळी जाईल, मग बुलबुल पिल्लांना काय भरवेल, आणि तुम्हीच मला परत प्रश्न पाठवाल की पक्षी का येईनात.

छाटणी कधी करायची? पसारा फार झालाय. — कोरेगाव

फळं संपली की लगेच, जूनमध्ये, आणि तीसुद्धा आत वाकून घरटं नाही ना बघून. असलं तर थांबा. बुलबुल पावसाळ्यातही पिल्लं काढतो, मुनिया तर खास पावसाळ्यातच गवताचा चेंडू विणते काट्यात. एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका.

मला हे कळायला एक वर्ष घालवावं लागलं. डिसेंबरात लग्नाला चार दिवस बाहेर गेले होते, घराकडं बघायला सांगितलेल्या माणसाला वाटलं ताईंना खूश करावं, कोयत्यानं जाळी गुडघ्याएवढी केली, वर चुना मारला! परत आले तर अंगण एकदम स्वच्छ, आणि शांत. फुलं नव्या फुटीच्या शेंड्यांना येतात, ती त्या वर्षी आलीच नाहीत. राग कोणावर काढणार, त्यानं पैसेसुद्धा घेतले नव्हते. बुलबुलाची जोडी आठवडाभर तारेवर येऊन बसायची, खाली बघायची आणि जायची. पुढच्या पावसात ती बुडातनं फुटली म्हणून वाचले.

फ्लॅटच्या बाल्कनीत कुंडीत येईल का? — सांगली

येईल, अठरा इंची कुंडी, दक्षिण किंवा पश्चिमेचं ऊन. फुलं येतील, माशा येतील, चार फळंही येतील. घरट्याची आशा धरू नका.

मावशी, मी सहावीत आहे. आम्ही करवंद फोडून कोंबडा का कोंबडी खेळतो. कोंबड्याचं बी पेरू का कोंबडीचं? — भुईंज

अरे वा, हा खरा प्रश्न! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, करवंद दातानं अर्धं तोडायचं, आतनं लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, आधी ओळखायचं आणि हरला त्यानं आपली मूठ द्यायची. मी कायम कोंबडीवर लावायचे आणि हरायचे. तू असं कर, दोन पिशव्या घे, एकीवर खडूनं कोंबडा लिही, एकीवर कोंबडी, दोन्हींत बी टाक आणि घराच्या मागं शेजारी शेजारी लाव. दहावीत जाशील तेव्हा फळं धरतील. मग फोडून बघ आणि मला कळव, पण खडू पुसून जातो पावसात, खिळ्यानं पत्र्याच्या तुकड्यावर लिही.